पाळण्याची शीट

मिनेसोटा राज्याच्या वरच्या अंगाला असलेल्या हॅल्वर फॉल्स गावात टॉलेफसन सरांना एक पाळणा करायचा होता. पाळण्यासाठी बर्च नावाच्या फिकट लाकडाच्या प्लायवूडची एक चांगली शीट हवी होती. सुरुवातीला प्रकरण एवढंच होतं, आणि एवढ्यावरच राहिलं असतं तर त्याची नोंद घेण्याचं काही कारण नव्हतं.

अर्विड टॉलेफसन यांनी गावच्या शाळेत हयातभर भूगोल शिकवला होता. लाकडाविषयी त्यांना एवढंच ठाऊक होतं की ते उत्तरेकडच्या जंगलांतून येतं. पण हॅल्वर फॉल्समध्ये निवृत्त पुरुषाला लाकडातलं कळत नाही असं म्हणणं म्हणजे त्याला चारचौघांत उघडं पाडणं. त्यामुळे दर शनिवारी सकाळी गावातले झाडून सगळे निवृत्त पुरुष हमरस्त्यावरच्या अवाढव्य दुकानात जमत. खिळ्यापासून न्हाणीघराच्या टबापर्यंत घराला लागणारं सगळं तिथे एका छपराखाली मिळे. दुकानाला नाव होतं, पण गाव त्याला 'मोठं दुकान' म्हणे.

तिथे प्लायवूडच्या थप्पीसमोर विधी चाले. वरची शीट दोघांनी उचलायची. तिची कड नाकासमोर धरायची, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने कडेवरून लांबवर बघायचं, नेम धरल्यासारखं. मग बोटाच्या पेराने दोनदा टकटक. मग मूर्तीला अत्तर लावावं तितक्या हलक्या हाताने शीटच्या अंगावरून तळवा फिरवायचा, आणि जरा थांबून निकाल द्यायचा, "वाईट नाही."

या विधीत एकच बारकावा होता. सगळे कडेवरून बघत, कडेकडे कोणी बघत नसे.

'वाईट नाही' ही गावातली सर्वोच्च पदवी होती. हॅल्वर फॉल्समध्ये कशालाही वाईट म्हणण्याची रीत नव्हती. नॉर्वेहून आलेल्या पणजोबांनी ती रीत पेटीतून सोबत आणली की इथल्या हिवाळ्याने ती आपोआप घडवली, यावर दोन मतं होती. पण तीही मोठ्याने कोणी मांडत नसे. उत्तम गोष्टीला 'वाईट नाही' म्हणायचं, बऱ्यापैकी गोष्टीला 'चालून जाईल', आणि जी बघवत नाही तिला 'जरा वेगळं आहे' म्हणून खिडकीबाहेर बघायचं. बर्फाच्या भाराने चर्चचं छप्पर खाली आलं तेव्हा पास्टर बेव्हर्ली नायगार्ड ढिगाऱ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या होत्या की चला, उजेड तरी भरपूर येईल. गावाने त्यांच्या श्रद्धेचं मनोमन कौतुक केलं आणि पुढची दोन वर्षं टोप्या घालून प्रार्थना केली.

सरांची एकुलती मुलगी ब्रिटा सरोवराकाठच्या डुलुथ शहरात राहायची. तिचा नवरा सरोवरातल्या खनिजवाहू जहाजावर कामाला होता. बर्फ वितळला की जहाज सुटायचं ते पुन्हा बर्फ पडेपर्यंत. जूनमध्ये बाळ होणार होतं आणि त्यानंतर ती बाळाला घेऊन माहेरी येणार होती. मार्च सरता सरता तिचा फोन आला. तब्येतीचं, हवेचं बोलून झाल्यावर ती जरा अडखळून म्हणाली, "बाबा, पाळणा विकत नका आणू. तुम्ही करा."

सर म्हणाले, "बघतो."

ब्रिटा ही काही मागणाऱ्यांतली मुलगी नव्हती. शाळेतली बक्षिसं, कॉलेजची फी, पुढे लग्नसुद्धा तिने परस्पर उरकलं होतं आणि दर वेळी सरांच्या वाट्याला फक्त 'वाईट नाही' म्हणण्याचं काम आलं होतं. आता प्रथमच तिने त्यांच्या हातचं काहीतरी मागितलं होतं. बायकोला, लव्हॉनला, त्यांनी एवढंच सांगितलं की शनिवारी मोठ्या दुकानात जायला हवं.

शनिवारी त्यांच्यासोबत शेजारचे मायलो हाउगेरुड आले. ते बँकेतून निवृत्त झालेले, म्हणजे लाकडातले जाणकार. त्यांनी शीट उचलली, डोळा मिटला, टकटक केली आणि म्हणाले, "वाईट नाही, सर." सरांनीही कड नाकासमोर धरली. एक डोळा मिटला की त्यांचा दुसराही आपोआप मिटत असे, त्यामुळे त्यांना काहीच दिसलं नाही; पण त्यांनी मान हलवली ती इतक्या जाणतेपणाने, की पलीकडच्या दोघांनी लगेच त्याच थप्पीतल्या शीट घेतल्या.

गॅरेजमध्ये सरांनी कामाला हात घातला. बाळाच्या गालाला टोचू नये म्हणून आधी पॉलिश पेपरने शीट घासून गुळगुळीत करायची असं त्यांनी ठरवलं. चार हात फिरवले आणि गोऱ्यापान बर्चवर एक तपकिरी डाग उमटला. मळ असेल म्हणून त्यांनी आणखी घासलं. डाग वाढला. ताटाएवढा झाला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की हा डाग नसून हीच शीट आहे. बर्च वरवर होतं, कढत दुधावर धरलेल्या सायीएवढं, आणि ते आता पॉलिश पेपरला लागलं होतं.

मग त्यांनी करवत चालवली. अर्ध्यावर ती एकदम हलकी झाली. तुकडा वेगळा केल्यावर कड दिसली. थर खारीसारखे सुटले होते आणि मधे एवढी पोकळी होती की सरांचा अंगठा सहज आत गेला. लव्हॉन कॉफी घेऊन आली, अंगठा आत असलेल्या नवऱ्याकडे तिने पाहिलं, शीटकडे पाहिलं आणि म्हणाली, "जरा वेगळं आहे, अर्विड."

लग्न झाल्यापासून ती इतकं कठोर कधी बोलली नव्हती.

मोठ्या दुकानात माल परत घेण्याच्या काउंटरवर डार्ला नावाची गोड बाई बसे. तिने दोन्ही तुकडे बघितले, फार वाईट वाटल्याचं सांगितलं आणि व्यवस्थापकाला बोलावलं. व्यवस्थापक ब्रेंट क्वाम सरांचाच विद्यार्थी. त्याने सरांना बसायला रंगाचा डबा दिला.

"सर, शीट नेलीत तेव्हा हे भोक होतं?"

"आत असणारच ना."

"दिसत होतं?"

"न कापता कसं दिसेल?"

"म्हणजे कापल्यावर दिसलं. आणि कापली कोणी?"

सरांनी हातातला तुकडा उलटा धरला.

"आमची काही हरकत नाही, सर," ब्रेंट मायेने म्हणाला. "पण दर्जा असतो तो अख्ख्या शीटचा. अख्खी होती तोवर तिच्यात दोष नव्हता, हे तुम्हीच एक डोळा मिटून बघितलंत. तुम्हीच आम्हाला वर्गात शिकवायचात, जमिनीखाली काय आहे ते खणल्याशिवाय कळत नाही. आता खणणाऱ्यानेच खड्ड्याची तक्रार आणायची म्हणजे जरा..."

तो पुढचा शब्द बोलला नाही, कारण सर त्याचे शिक्षक होते.

सर घरी आले. थोड्या वेळाने मोबाइलवर दुकानाचा निरोप आला, आपला अनुभव कसा होता, कृपया तारे द्या. हॅल्वर फॉल्समध्ये तारे म्हणजे पाचच. चार तारे देणाऱ्याच्या घरात काही कमी-जास्त झालं असावं असा समज होता. पोकळीतलं कुसळ लागलेला सरांचा अंगठा अजून ठणकत होता. त्याच अंगठ्याने त्यांनी दोन तारे दिले.

पुढे काय झालं ते तर्काला धरूनच झालं. मोठ्या दुकानाची पाचपैकी पाचची परंपरा खंडित झाली. नाताळात कामगारांना भेट मिळणारं डुकराचं हॅम त्या परंपरेवर अवलंबून होतं. सरांना कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोलणं ही तिथली पद्धतच नव्हे. पण रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी लोक लव्हॉनला बाजूला घेऊन विचारू लागले की सर बरे आहेत ना, भूक लागते ना, रात्री झोप येते ना. सोमवारपासून दारात हॉटडिश येऊ लागल्या. बटाटे, खिमा आणि वाटाणे एकत्र भाजलेली ही परात हॅल्वर फॉल्समध्ये दोनच प्रसंगी शेजाऱ्याकडे पाठवतात, घरात कोणी गेलं तर किंवा जाण्याच्या बेतात असलं तर. आठवड्याभरात टॉलेफसनांच्या फ्रिजला दार लागेना. परातीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांतून धीर धरा, देव आहे, असं लिहिलेलं असे. सरांनी ते सगळं निमूट खाल्लं आणि तब्येत खरोखर बिघडवून घेतली, त्यामुळे गावाच्या निदानाला पुष्टीच मिळाली.

दोन ताऱ्यांची कंपनं दूर दक्षिणेतल्या, जिथे बर्फ पडत नाही अशा मुख्य कार्यालयापर्यंत पोचली. तिथल्या सुज्ञ मंडळींनी विचार करून निष्कर्ष काढला की दोष प्लायवूडमध्ये नाही. दर्जा ठरवण्याच्या प्रक्रियेत ग्राहकाला सामावून घेतलं नव्हतं, म्हणून तो दुखावला. तेव्हा यापुढे प्रत्येक शीट विक्रीपूर्वी ग्राहकांच्याच समितीकडून तपासून घ्यावी, समितीच्या मान्यतेचं सोनेरी लेबल लावावं, आणि लेबल लागलेली शीट परत घेऊ नये, कारण स्वतःचा निर्णय कोणी परत करत नसतो. समितीच्या अध्यक्षपदी अर्थातच तक्रारदार.

सर नाही म्हणायलाच गेले होते. पण ब्रेंटने त्यांच्यापुढे हिरवा एप्रन धरला आणि त्यावर 'अध्यक्ष' असं भरतकाम केलेलं होतं. शाळा सुटल्यापासून सरांच्या अंगावर त्यांच्या हुद्द्याचं असं काही चढलंच नव्हतं. त्यांनी एप्रन फक्त मापाला लावून बघितला. माप बरोबर निघालं. शिवाय मनाशी त्यांनी असाही हिशेब केला की अध्यक्ष झालो तर एक तरी चांगली शीट आपल्या हाती लागेल आणि ब्रिटाचा पाळणा होईल.

समितीत अध्यक्षांशिवाय मायलो आणि पास्टर बेव्हर्ली होत्या. पास्टर यासाठी की त्यांनी आजवर कोणालाच दोषी ठरवलं नव्हतं. पहिल्या बैठकीत डार्लाने लिंबाच्या वड्या आणि कॉफी मांडली, आणि पहिली शीट आणली गेली. तिच्या कडेला न कापताच भोक दिसत होतं. त्यातून पलीकडची बादली दिसत होती.

मायलोंनी घसा साफ करून हवा खेळती राहील असं मत दिलं. पास्टरबाई बराच वेळ भोकाकडे करुणेने बघत राहिल्या. "आतून पूर्ण भरलेलं असं कोण असतं, सर?" त्या हलकेच म्हणाल्या.

सरांनी ठरवून आल्याप्रमाणे सुरुवात केली. "मला वाटतं, ही शीट जरा..."

वड्यांची बशी हवेत थांबली. डार्लाच्या चेहऱ्यावर नाताळचं हॅम दिसू लागलं. मायलो खिडकी शोधू लागले. मोठ्या दुकानाला खिडक्या नाहीत.

"...जरा पुढे घ्या," सर म्हणाले, "उजेडात बघू."

शीट पुढे घेतली. उजेड भोकावर पडला नाही, पृष्ठभागावर पडला, आणि तो खरोखरच सुंदर होता. तिघांनी आळीपाळीने तळवा फिरवला. अध्यक्षांनी सही केली. दुसरी शीट पहिलीपेक्षा बरी होती, तेव्हा तिला कमी दर्जा देणं अन्यायाचं झालं असतं. तिसरीला पहिल्या दोघींच्या पंक्तीतून उठवायचं कसं, असा प्रश्न पास्टरबाईंनी काढला. त्या दिवसापासून समितीपुढे आलेली प्रत्येक शीट 'वाईट नाही' या श्रेणीत उत्तीर्ण झाली.

सोनेरी लेबलाने जादू केली. आजूबाजूच्या गावांतून लोक टॉलेफसन सरांच्या सहीची शीट मागायला येऊ लागले. हॉटडिश यायच्या थांबल्या. रस्त्यात लोक सरांशी हात मिळवत आणि मिळवताना त्यांचा तळवा जरा निरखून बघत. सरही शनिवारी थप्पीसमोर उभे राहून नव्या मंडळींना सांगू लागले की डोळा केव्हा मिटायचा आणि तळवा कोणत्या दिशेने फिरवायचा. दोन्ही डोळे मिटायचे की एक, या प्रश्नावर ते म्हणत की अनुभवाने दोन्ही मिटता येतात.

लेबलाच्या मागे मात्र बारीक अक्षरांत एक अट होती, दर्जा शीट अखंड असेपर्यंतच ग्राह्य. हे न्याय्यच होतं. पण हॅल्वर फॉल्सचे लोक अटी पाळणारे. सोनेरी लेबलाची शीट कापून तिचा दर्जा कोण घालवणार? लोकांनी शीट जशाच्या तशा वापरायला सुरुवात केली. आठ फूट बाय चार फूट हे गावाचं माप झालं. मायलोंच्या घरी नवरा-बायको आठ फुटी मेजाच्या दोन टोकांना जेवायला बसत आणि मीठ हवं असलं की फोन करत. कुत्र्यांची घरं एवढी मोठी झाली की कुत्रे आत एकटे पडून रडत. एकाने पक्ष्यांसाठी आठ फुटी घरटं झाडाला टांगलं. पुढे झाड आडवं झालं. कोणी म्हणालं, जरा वेगळं आहे. पण तेही झाडाला उद्देशून होतं.

या सगळ्यात जून आला आणि ब्रिटाला मुलगी झाली. नाव ठेवलं एडला. फोनवर ब्रिटाने विचारलं की पाळणा झाला का. सरांनी काम चालू असल्याचं सांगितलं. ते खोटं नव्हतं. समितीने एकमताने अध्यक्षांना भेट दिलेली शीट घरी बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती आणि लव्हॉन रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसत होती. पुढे चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत सर उघड्या मोटारीतून ती शीट धरून सगळ्या गावातून फिरलेही.

लव्हॉनने एकदा भीत भीत सुचवलं, "शेजारच्या गावात लाकडाची जुनी वखार आहे. तिथे भरीव फळ्या मिळतात म्हणे. अंधार पडल्यावर जाऊन येऊ या का?"

"अध्यक्षाने वखारीत जायचं?" सर म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत रे, अर्विड."

"तेच तर."

मुलगी पुढच्या रविवारी येणार असं ठरलं तेव्हा सरांनी समितीची तातडीची बैठक बोलावली आणि शीट कापण्याची परवानगी मागितली. असा अर्ज यापूर्वी आलाच नव्हता. कापलेल्या शीटची कड दिसली तर गावातल्या साऱ्या न कापलेल्या शीटबद्दल लोकांच्या मनात विचार येतील, आणि विचार एकदा आले की कुठे थांबतील याचा नेम नाही, असं मायलोंनी मांडलं. मग ब्रेंटनेच तोडगा काढला. कड ही शीटची खाजगी बाब मानावी. कापल्या कापल्या तिच्यावर बर्चचीच पातळ चिकटपट्टी गरम इस्त्रीने बसवावी, म्हणजे कापलेली शीटही जन्मजात अखंड दिसेल आणि लेबल कायम राहील. ठराव मंजूर झाला. आठवड्याच्या आत मोठ्या दुकानातले पट्टीचे सगळे गुंडाळे संपले आणि गावातल्या सगळ्या इस्त्र्या त्या कामाला लागल्या. त्या रविवारी चर्चमध्ये कोणाच्याच शर्टाला इस्त्री नव्हती, पण घरोघरच्या कडा नितळ होत्या.

सरांनी पाळणा केला. तो दिसायला देखणा होता, हे कबूल करायला हवं. दोन्ही बाजूंना हात घालायला लांबट खाचा, वरच्या कोपऱ्यांना गोलाई, सगळ्या कडांना पट्टी आणि डोक्याच्या बाजूला सोनेरी लेबल. पट्टी बसवण्याआधी कापताना त्यांना आत जे दिसायचं ते दिसलं. त्यांनी ते पट्टीने झाकलं. शेवटी त्यांनी पाळण्याच्या तळावर मधोमध अंगठा दाबला. तळ जरासा दबला आणि आतून कोरडा, पापड मोडल्यासारखा आवाज आला. सरांनी अंगठा उचलला. पुन्हा त्या जागी दाबून बघितलं नाही. त्यावर लव्हॉनने शिवलेली गादी घातली.

रविवारी चर्च सुटल्यावर ब्रिटा आली. तिच्या मागोमाग सगळी आळी आली. मायलो आणि त्यांची बायको, पास्टरबाई, डार्ला, आणि मुख्य कार्यालयाला पाठवण्यासाठी कॅमेरा घेऊन ब्रेंट. या वेळच्या हॉटडिश आनंदाच्या होत्या, फक्त परातींना ते कळत नव्हतं. एडला हातोहात फिरली, कोणासारखी दिसते यावर सौम्य चर्चा झाली, आणि मग सगळे आपोआप अर्धवर्तुळात उभे राहिले. मधे पाळणा.

ब्रिटा त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसली. तिने लेबलाकडे बघितलं नाही, डोळाही मिटला नाही. लहानपणी दुखणाऱ्या पोटाला आई हात लावायची तसा तिने गादीखाली हात घातला आणि तळ दाबला. आवाज फक्त तिला आणि शेजारी वाकलेल्या सरांना ऐकू आला.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "हे धरेल का?"

"समितीने त्याला..."

"समितीला नाही विचारलं. तुम्हाला विचारतेय. हिला यात ठेवू?"

सरांनी मान वर केली. दारापर्यंत माणसं उभी होती. प्रत्येकाच्या घरी आठ बाय चारची किमान एक शीट होती आणि तिच्यावर यांची सही होती. मायलो आपल्या मेजाचा विचार करत असावेत. पास्टरबाईंनी हात जोडले होते. चर्चचं नवं छप्पर आतून त्याच शीटचं होतं. डार्लाच्या हातातली बशी हवेत थांबली होती. सर एकच शब्द बोलले असते तर त्या दुपारी गावातलं एकही घर जागेवर राहिलं नसतं, आणि एक मूल मात्र सुखरूप निजलं असतं. त्यांचं तोंड उघडलं. लव्हॉनने त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांचा उजवा हात, त्यांनी सांगितलेलं नसतानाही, पाळण्याच्या बाजूवरून गेला, हलका, एका दिशेने.

"वाईट नाही," ते म्हणाले.

खोलीभर श्वास सुटले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ब्रिटाने वडिलांकडे क्षणभर पाहिलं. ती याच गावात वाढलेली होती, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ती म्हणाली, "सुंदर झालाय, बाबा. थँक्यू." हॅल्वर फॉल्समध्ये सुंदर हा शब्द फक्त परक्या माणसाशी बोलताना वापरतात.

मग ब्रेंटने कॅमेरा सरसावला. ब्रिटाने बाजूच्या खाचेतून उजवा हात कोपरापर्यंत आत घातला, बाळाच्या शालीखाली तळवा उताणा पसरला, आणि डाव्या हाताने मुलीला त्या तळव्यावर ठेवलं. कॅमेऱ्याकडे बघून ती हसली. फोटो नीट येईपर्यंत तिने तो हात हलू दिला नाही. त्या रात्री आणि पुढच्या सगळ्या रात्री एडला कपड्यांच्या वेताच्या टोपलीत निजली. आठवडा संपायच्या आत दोघी डुलुथला परत गेल्या. सरांनी पाळणा नेण्याचा आग्रह केला नाही. ब्रिटा म्हणाली होती की गाडीत मावणार नाही, आणि सरांनी तिची गाडी किती मोठी आहे ते बघण्याचं टाळलं.

फोटो मात्र सगळीकडे गेला. ब्रिटाच्या विस्कॉन्सिनमधल्या सासरच्यांनी तो फ्रेम करून लावला. मुख्य कार्यालयाने त्याचा भिंतीएवढा फलक करून साऱ्या दुकानांत प्लायवूडच्या थप्पीवर टांगला. आजी, आजोबा, हसरी आई, सोनेरी लेबल, झोपलेलं बाळ. खालच्या कोपऱ्यात, खाचेपाशी, पांढऱ्या शालीतून एका बाईचं मनगट बाहेर आलेलं दिसतं. त्यावरच्या शिरा ताणलेल्या आहेत. फलक एवढा मोठा आहे की ते मनगट माणसाच्या मांडीएवढं झालं आहे. त्याच्याखालून रोज शेकडो गिऱ्हाइकं जातात, मान वर करतात आणि म्हणतात, किती गोड कुटुंब.

आपण त्यांना हसायला मोकळे आहोत. आपल्याही दिवाणखान्यात तसा एखादा फोटो असतो, लग्नातला, वास्तुशांतीतला, मुलाच्या वाढदिवसाचा, आणि त्यात कोणाचा तरी हात कशाच्या तरी खाली तोलून धरलेला असतो. जवळ जाऊन बघा. आज नको, घरात पाहुणे असतील.